बेलीच्या हाताखालची माणसं

'ग्रेज अ‍ॅनाटमी' ही अमेरिकन हॉस्पिटल मालिका नेमकी कधी संपायला हवी होती, असं तिच्या प्रेक्षकांना विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. कुणी म्हणतं, जॉर्ज गेला तेव्हा. कुणी म्हणतं, विमान पडलं आणि लेक्सी आणि मार्क गेले तेव्हा. कुणासाठी क्रिस्टीना झुरिकला निघाली तो शेवट होता. सगळ्यात मोठा गट डेरेकवाल्यांचा. नायिका मेरेडिथ ग्रेचा नवरा डेरेक शेफर्ड मेला त्या दिवशी त्यांनी मालिकेला हात जोडले. आणि आता मेरेडिथच बॉस्टनला गेली, कधीमधी तोंड दाखवायला येते, तर तिच्या नावाची मालिका कशाला चालू ठेवलीय, असा राग असलेलेही भरपूर आहेत.

मी यातल्या कुठल्याच गटात नाही. २००५ च्या मार्चमध्ये ही मालिका अमेरिकेत सुरू झाली. मी पुष्कळ नंतर बघायला घेतली आणि आजही बघते. माझं सगळं नोकरीचं आयुष्य ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये गेलं, स्क्रब नर्स म्हणून, सर्जनच्या हातात उपकरणं देत. त्यामुळे हॉस्पिटलची मालिका लागली की माझे डोळे आधी ट्रॉलीकडे जातात, मग नायकाकडे. आणि मला मनापासून वाटतं की ही मालिका जोड्यांची नाहीच. कोण कुणाला शिकवतं आणि शिकलेला पुढे कुणाला शिकवतो, याची ती गोष्ट आहे. ही गोष्ट लांबच असायला लागते. माणूस शिकायला वर्षं लागतात. शिकवण्याच्या लायकीचं व्हायला त्याहून जास्त लागतात.

पहिला भाग आठवा. पाच नवे इंटर्न, त्यांच्यासमोर मिरांडा बेली उभी. बुटकी, ठाम, चेहऱ्यावर हसू नाही. तिचे नियम चालताचालता सांगून होतात. पेजर वाजला की धावत सुटायचं. झोप मिळेल तिथे, मिळेल तेव्हा घ्यायची. त्या पहिल्याच भागात जॉर्ज ओमॅलीला अपेंडिक्सचं ऑपरेशन करायला मिळतं आणि तो मध्येच गोठतो. हात थांबतात, रक्त येत राहतं, वरून काचेतून बाकीचे बघतायत. मी असे गोठलेले हात समोरून पाहिले आहेत. टेबलाच्या या बाजूला उभं राहून ते फार जवळून दिसतं. मास्कच्या वर फक्त डोळे असतात आणि ते डोळे एकदम लहान मुलाचे होतात. सिनियर पुढे होतो, हातातली फोर्सेप काढून घेतो, केस पुढे जाते. त्या मुलाला किंवा मुलीला पुढच्या केसला पुन्हा उभं करणं हे सिनियरचं खरं काम. बेली हे काम करते. ओरडून करते, पण करते.

बेलीला कुणी शिकवलं? रिचर्ड वेबरने. वेबर कुणाबरोबर घडला? एलिस ग्रेबरोबर, मेरेडिथच्या आईबरोबर. मेरेडिथला घडवलं बेलीने. मेरेडिथ, क्रिस्टीना, अ‍ॅलेक्स यांच्या हाताखाली जो विल्सन आणि तिची बॅच आली. २०२२ च्या शरदात सिमोन, लुकास, ज्यूल्स, मिका आणि ब्लू असे पाच नवे इंटर्न आले आणि त्यांना शिकवायला मेरेडिथ, बेली, वेबर. मूळ पाचांना चाहते नावांच्या आद्याक्षरांवरून 'मॅजिक' म्हणतात, आणि नव्यांचं त्यांच्यापुढे काहीच नाही असा सूर असतो. मी नव्यांना त्या पाचांशी तोलत नाही. मी बघते बेलीकडे. जी बाई पहिल्या सीझनमध्ये इंटर्नना जवळ येऊ देत नव्हती, ती आता एखाद्या घाबरलेल्या पोरीजवळ कशी उभी राहते ते बघते. चँड्रा विल्सनने एवढी वर्षं एकच भूमिका इतकी हळूहळू बदलत नेली आहे की हा बदल सलग बघणाऱ्यालाच दिसतो. एखाद्या छोट्या मालिकेला हे दाखवताच येणार नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये या मालिकेने 'ईआर'चा ३३१ भागांचा आकडा मागे टाकला आणि अमेरिकेतली प्राइम टाइमची सगळ्यात लांब हॉस्पिटल मालिका ठरली. २०२२ मध्ये चारशे भाग झाले. 'एवढं कशाला ताणायचं' हे मत तेव्हापासून आणखी जोरात ऐकू येतं. ताणलेलं मलाही दिसतं, त्याबद्दल पुढे लिहितेच. पण हॉस्पिटल हे माणसं बदलत राहण्याचंच ठिकाण आहे. इंटर्न येतात, रेसिडेंट होतात, निघून जातात. ओटी तीच, दिवे तेच, टेबल तेच. ज्यांच्याबरोबर रात्र-रात्र उभे राहिलो ते दुसरीकडे मोठे सर्जन होतात आणि आपल्यासमोर पुन्हा नवा कुणीतरी ग्लोव्ह चुकीचा घालत असतो. ही मालिका पात्रं गमावत जाते म्हणून लोक रागावतात. मला तर तेच खरं वाटतं.

माझी भाची डेरेकवाल्यांपैकी. "मावशी, डेरेक गेल्यावर तू बघूच कशी शकतेस गं?" हा तिचा प्रश्न. तिने तो भाग पाहिला आणि तिथेच थांबली. तिचा राग मला समजतो, कारण तो मृत्यू २०१५ मध्ये ज्या पद्धतीने दाखवला तो बघवत नाही. रस्त्यावरच्या अपघातातल्या लोकांना डेरेक वाचवतो आणि मग एक ट्रक त्याच्याच गाडीवर आदळतो. त्याला नेतात जवळच्या छोट्या हॉस्पिटलात. त्याला बोलता येत नाही, पण ऐकू येतं, कळतं. स्वतः न्यूरोसर्जन आहे, डोक्याचा सीटी काढा हे त्याला मनातून ओरडून सांगायचंय. डॉक्टर पोटाच्या मागे लागलेत. एक ज्युनियर मुलगी, पेनी, सीटीचं बोलते. सिनियर तिला गप्प करतो. मग डोळ्याची बाहुली फाकलेली दिसते तेव्हा उशीर झालेला असतो, बोलावलेला न्यूरोसर्जन वेळेत पोचत नाही.

हे सगळं भाचीला 'मुद्दाम मारलं' असं वाटतं. मला त्यात ओटीतली सगळ्यात जुनी गोष्ट दिसते: ज्युनियरला बरोबर दिसलं होतं आणि त्याचं कुणी ऐकलं नाही. आणि म्हणूनच मी तिला सांगते की तू थांबलीस तिथून पुढेच या मरणाचा अर्थ लागतो. बाराव्या सीझनमध्ये पेनी मेरेडिथच्याच घरी जेवायला येते, सहकारी सर्जन कॅलीची प्रेयसी म्हणून, आणि दारात उभी असलेली ही कोण हे मेरेडिथला कळतं. नंतर तीच पेनी मेरेडिथच्या हॉस्पिटलात रेसिडेंट म्हणून येते. नवरा जिच्यासमोर गेला तिला मेरेडिथने शिकवायचं. आधी ती तिला छळते, अगदी स्पष्ट छळते, आणि हळूहळू शिकवायला लागते. मला आख्ख्या मालिकेत याहून मोठी प्रेमकथा दिसत नाही. मेरेडिथ-डेरेकचं लिफ्टमधलं चुंबन सगळ्यांना आठवतं. पेनीला ऑपरेशन शिकवणारी मेरेडिथ फार थोड्यांना आठवते, कारण अर्धे लोक तोवर उठून गेलेले असतात.

आता ताणण्याबद्दल. संकटांचा मारा जास्त झाला, हे प्रेक्षकांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. रुग्णाच्या छातीत बॉम्ब, फेरीबोटीचा अपघात, बंदूकधारी, विमान, वादळ, आग. एकाच हॉस्पिटलातल्या माणसांवर हे सगळं. २००६ मध्ये सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या रात्री बॉम्बचा भाग दाखवला तेव्हा तो पावणेचार कोटींहून जास्त लोकांनी पाहिला, आणि मला वाटतं त्या यशाने सवय लावली. सीझन संपत आला की काहीतरी फुटलंच पाहिजे. याचा तोटा असा की मोठ्या संकटातल्या मरणाने रोजच्या मरणाची किंमत उतरते.

पण याच मालिकेने एकदा त्या संकटानंतरची गोष्ट इतकी नीट दाखवली की मी ते विसरू शकत नाही. सहाव्या सीझनच्या शेवटी, २०१० मध्ये, बायकोच्या मृत्यूने पिसाळलेला एक माणूस हॉस्पिटलात बंदूक घेऊन येतो. बेली आणि तिची पेशंट मेरी, दोघी गोळी लागलेल्या तरुण डॉक्टर चार्ल्सला चादरीवरून ओढत लिफ्टपर्यंत नेतात. लिफ्ट बंद. बेली बटण दाबत राहते, मग तिला कळतं, आणि ती तिथेच फरशीवर बसून त्याचं डोकं मांडीवर घेते. हा प्रसंग सगळ्यांना आठवतो. पण सातव्या सीझनमध्ये काय झालं ते विचारा. तीच मेरी राहिलेलं ऑपरेशन करून घ्यायला परत येते. बंदुकीतून वाचलेली बाई. ऑपरेशन छान होतं. आणि ती भुलीतून बाहेर येतच नाही. जाते. बेली कारण शोधते, शवविच्छेदन होतं, तरी कारण सापडत नाही.

ओटीत काम केलेल्या प्रत्येकाला अशी एक मेरी ठाऊक असते. सगळं बरोबर झालेलं असतं. रक्त टिपायचे कापडी मॉप मोजलेले, उपकरणं मोजलेली, रक्तस्राव नाही, टाके सुरेख. आणि पेशंट उठत नाही. नातेवाईक विचारतात 'का?' आणि डॉक्टरांकडे उत्तर नसतं. माझ्या मते ही या मालिकेने सांगितलेली सगळ्यात खरी गोष्ट आहे, आणि तिला ना बॉम्ब लागला ना विमान.

डॉक्टर मंडळींचं मत वेगळ्याच कारणाने वाईट असतं. ज्यांच्याबरोबर मी काम केलं त्यातले कितीतरी जण पाच मिनिटांत टीव्ही बंद करतात. मॉनिटरवर सरळ रेघ आली की शॉक देतात, हे त्यांना सहन होत नाही. बरोबरच आहे. सरळ रेघ म्हणजे हृदयात विजेची हालचालच नाही, तिथे शॉकचा उपयोग नसतो. तिथे छाती दाबत राहायचं आणि अ‍ॅड्रेनलिन द्यायचं. शॉक असतो तो हृदय वेडंवाकडं थरथरत असतं तेव्हा. शिवाय सीपीआर देताना, म्हणजे छाती दाबताना, कोपर वाकलेले, न्यूरोसर्जन अपघात विभागात हजर, सर्जन स्वतः रक्त काढतोय, स्वतः एमआरआयच्या काचेमागे बसलाय. खऱ्या हॉस्पिटलात ही सगळी वेगवेगळ्या माणसांची कामं आहेत.

काहींना वाटतं, एवढी चिकित्सा कशाला, करमणूक आहे. मला हे पटत नाही, कारण टीव्हीवर दिसलेलं लोक वॉर्डात घेऊन येतात. १९९६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. 'ईआर', 'शिकागो होप' आणि आणखी एक कार्यक्रम, यांतले सीपीआरचे प्रसंग मोजले. पडद्यावर ७५ टक्के लोक त्या क्षणी वाचले होते, आणि ६७ टक्के पुढे घरी गेले असावेत असं दिसत होतं. प्रत्यक्षात हा आकडा याच्या जवळपासही येत नाही. आयसीयूच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाला 'आम्ही प्रयत्न करतोय' म्हटल्यावर त्याच्या डोळ्यात जी खात्री दिसते, ती कुठून येते हे मला हा आकडा वाचून कळलं.

'ग्रेज'चं गणित मात्र उलटं निघालं. २०१८ मध्ये संशोधकांनी या मालिकेतले २९० अपघाती जखमी घेतले आणि त्यांची अमेरिकेतल्या हजारो खऱ्या जखमींच्या नोंदींशी तुलना केली. मालिकेत २२ टक्के दगावले, खऱ्यात ७ टक्के. मालिकेत ७१ टक्के जखमी अपघात विभागातून थेट ऑपरेशनला गेले, खऱ्यात २५ टक्के. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो पुढचा भाग. जे वाचले त्यांतले गंभीर जखमीसुद्धा मालिकेत निम्मे आठवड्याच्या आत घरी जातात. खऱ्यात जेमतेम २० टक्के. दीर्घकाळच्या देखभालीसाठी दुसऱ्या संस्थेत जावं लागणारे मालिकेत ६ टक्के, खऱ्यात २२. म्हणजे पडद्यावर एकतर मरण नाहीतर घर. मधला भाग गायब. मधला भाग म्हणजे ड्रेसिंग, फिजिओथेरपी, कॅथेटर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, पहिल्यांदा पलंगाच्या कडेला बसवल्यावर येणारी चक्कर. हॉस्पिटलचा बहुतेक वेळ या मधल्या भागातच जातो आणि नातेवाइकांची खरी परीक्षा तिथेच असते. शॉकच्या चुकीपेक्षा ही चूक मला मोठी वाटते, आणि तिच्याबद्दल प्रेक्षक फारसे बोलत नाहीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मालिका शिकवूही शकते. २००८ मध्ये एक सिद्ध झालेली गोष्ट आहे: एका भागात एचआयव्ही असलेली गरोदर बाई होती, आणि योग्य उपचार घेतले तर बाळ निरोगी होण्याची शक्यता खूप मोठी असते हे त्यात सांगितलं होतं. कायझर फॅमिली फाउंडेशन या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने भागाच्या आधी आणि नंतर प्रेक्षकांना विचारलं. आधी १५ टक्के लोकांना ही गोष्ट माहीत होती, नंतर ६१ टक्क्यांना. सहा आठवड्यांनीही ४५ टक्क्यांच्या लक्षात होतं. आम्ही पोस्टर लावतो, पत्रकं वाटतो, लोक ती घडी घालून पिशवीत टाकतात. एक गोष्ट सांगितली की आठवडे लक्षात राहते.

म्हणून मी बेलीच्या हार्ट अटॅकचा भाग ओळखीच्या प्रत्येक बाईला बघायला सांगते. चौदाव्या सीझनमधला, २०१८ चा. बेलीला कळतं की आपल्याला हार्ट अटॅक येतोय. ती दुसऱ्या हॉस्पिटलात जाते आणि काउंटरवर तसं सांगते. ईसीजी नॉर्मल येतो. डॉक्टर ताण म्हणतात. तिला ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मानसिक आजार आहे हे कळल्यावर मानसोपचारतज्ज्ञाला बोलावतात. ती, एक अनुभवी सर्जन, पलंगावरून त्यांना कुठल्या तपासण्या करा ते सांगते आणि ते मान डोलावून निघून जातात. शेवटी ती कोसळते तेव्हा तिचं बरोबर होतं हे सिद्ध होतं. या भागावर 'अति केलं, एवढं कुठे असतं' अशी मतं होती. असतं. बायकांना छातीत कळ येईलच असं नाही. जबड्यात दुखतं, पाठीत दुखतं, मळमळतं, दम लागतो, नुसता विचित्र थकवा येतो. आणि बाई स्वतःच 'अ‍ॅसिडिटी असेल' म्हणून गोळी घेते आणि भांडी घासायला लागते. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे अटॅक नाही असं होत नाही. काही वेळाने पुन्हा काढावा लागतो, ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्त तपासणी पुन्हा करावी लागते. चाळिशी ओलांडलेल्या बाईने हा भाग बघितला आणि एवढंच लक्षात ठेवलं तरी त्या सीझनचं सार्थक झालं.

'मालिका फार उपदेश करायला लागली' हे मतही खूप आहे. काही भागांत मलाही पात्रं बोलत नाहीत, पत्रक वाचतात असं वाटतं. पण २०१९ च्या मार्चमधला तो कॉरिडॉर मी उपदेशात धरत नाही. बलात्कार झालेली एक पेशंट आहे. तिला ऑपरेशनला न्यायचंय, आणि वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या चेहऱ्यात तिला तोच चेहरा दिसतो. मग जो विल्सन हॉस्पिटलातल्या बायकांना बोलावते. डॉक्टर, नर्स, सगळ्या कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात. ट्रॉली मधून जाते. कुणी भाषण करत नाही. त्याच भागात पुरावे गोळा करण्याची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने दाखवली आहे, प्रत्येक टप्प्याआधी तिची संमती विचारत, आणि नको म्हणालीस तर इथेच थांबू असं सांगत. संमतीच्या कागदावर फक्त सही घ्यायची सवय झालेल्या कुणालाही हा भाग दाखवावा इतका तो नेटका आहे.

कोविडच्या सीझनबद्दल थोडक्यात. २०२० च्या नोव्हेंबरात तो सुरू झाला आणि लोक म्हणाले, बाहेर हेच चाललंय, घरात पुन्हा तेच कशाला बघायचं. मेरेडिथ आजारी पडून समुद्रकिनाऱ्यावर मेलेल्यांना भेटते ते चाहत्यांना आवडलं, डेरेक परत दिसला म्हणून. मला बेलीच्या आईचा भाग जास्त लागला. आई कोविडने जातेय, स्मरणशक्ती आधीच गेलेली, आणि लेक त्याच हॉस्पिटलात असल्यामुळे तिला आईजवळ बसता येतंय. बाकीच्या हजारोंना बसता आलं नाही हे बेलीला माहीत आहे, आणि ती आईसाठी गाणं म्हणते. तेव्हा ड्युटीवर असलेल्या कुणीही तो भाग एका बैठकीत बघून दाखवावा.

अ‍ॅलेक्स कारेव्हबाबत मात्र मी रागावलेल्यांच्याच बाजूने आहे, आणि हा राग जायचा नाही. पहिल्या सीझनमधला उर्मट मुलगा, त्याचा लहान मुलांचा सर्जन होतो, भित्र्या आईबापांशी हळू आवाजात बोलायला शिकतो. इतकी वर्षं घडवलेला माणूस, आणि २०२० मध्ये त्याला काही पत्रांतून निरोप. बायकोला, म्हणजे जो विल्सनला पत्र, मेरेडिथला पत्र, बेलीला, वेबरला. तो आधीची बायको इझीकडे आणि तिच्या जुळ्या मुलांकडे गेला. कलाकार सोडून जातात, त्याला इलाज नाही. पण ज्याने या बायकोवर इतका जीव लावला तो तिला कागदावर सोडेल हे पात्रालाच धरून नाही. या एका ठिकाणी मालिकेने स्वतःच शिकवलेलं मोडलं.

आणि आता माझी सगळ्यात मोठी तक्रार, जी चाहत्यांच्या भांडणात मला क्वचित सापडते. नर्स कुठे आहेत?

ओटीच्या प्रसंगात नीट बघा. सर्जन मान वर न करता हात पुढे करतो आणि उपकरण तळहातावर येऊन बसतं. बरोबर कोनात, बरोबर दाबाने, मूठ मिटली की वापरायला तयार. मागायच्या आधीच. हे देणारी जी बाई अनेक भागांत दिसते ती बोकी अ‍ॅन. ती खरोखरच ओटी नर्स आहे. म्हणून तिचे हात खरे दिसतात. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच ओळखलं की ही आपल्यातली. मालिकेची वैद्यकीय सल्लागार लिंडा क्लाइन हीसुद्धा नर्सच. म्हणजे सर्जन दिसणाऱ्या नटांनी कात्री कशी धरायची हे शिकवलं नर्सने, आणि त्यांच्या हातात ती ठेवली नर्सने. पण गोष्ट नर्सची नाही. दुसऱ्या सीझनमध्ये नर्सेसचा संप झाला आणि जॉर्ज त्यांच्या बाजूने फलक घेऊन उभा राहिला, तेव्हा मला आशा वाटली होती. पण एरवी नर्स आल्या त्या प्रेमप्रकरणापुरत्या. ऑलिव्हिया आली, रोझ आली डेरेकसाठी, एली आला बेलीसाठी. एली तर बेलीला ठणकावून सांगायचा की पेशंटजवळ दिवसभर मी असतो. एवढं चांगलं पात्र, प्रकरण संपलं आणि तोही संपला.

बाकीच्यांना हे जमलं आहे. 'ईआर'मधली कॅरल हॅथवे नर्स होती. पहिल्याच भागात ती मरणार होती, पण चाचणीसाठी दाखवलेल्या प्रेक्षकांना ती आवडली म्हणून तिला जगवलं आणि ती मालिकेचा कणा झाली. ब्रिटनमध्ये 'कॅज्युअल्टी' १९८६ पासून चालू आहे आणि तिचा चेहरा कित्येक वर्षं चार्ली हा नर्स होता. पहिल्या भागापासून २०२४ पर्यंत. तेव्हा नर्सभोवती मालिका उभी राहत नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

ही मालिका शिकवण्याची गोष्ट आहे असं मी म्हणते, तर मग पहिल्या रात्री इंटर्नला खरं कोण शिकवतं? डोस चुकीचा लिहिलाय हे कोण हळूच सांगतं? 'डॉक्टर, ग्लोव्ह बदला, बाहीला लागला' हे कोण म्हणतं? टाके घालायच्या आधी एक मॉप कमी भरतोय म्हणून मोठ्या सर्जनला कोण थांबवतं, तो कितीही चिडला तरी? मॉप सापडेपर्यंत पोट बंद होत नाही. कधी तो बादलीत असतो, कधी पेशंटवर पांघरलेल्या ड्रेपच्या घडीत, कधी आत. त्या दहा मिनिटांत सगळ्यात ज्युनियर इंटर्नही ओटीत कुणाचं ऐकायचं ते शिकतो. यावर आख्खा एक भाग होऊ शकतो. स्फोट नको, विमान नको. एक टेबल, उघडं पोट, चिडलेला सर्जन, घाबरलेला इंटर्न आणि मोजणी जुळत नाही म्हणून जागची न हलणारी एक सिस्टर. पुढच्या सीझनमध्ये तो भाग लिहा, आणि ती भूमिका बोकीला द्या.